हा वाद मैदानात कितव्या मिनिटाला उतरला? एका फॅन कट्ट्याचं प्रकरण

हे प्रकरण भारतीय फुटबॉल टीमच्या मॅचेस एकत्र बसून बघणाऱ्या एका कट्ट्याचं आहे. माणसं खरी, पण नावं आणि ओळखीच्या खुणा काढून टाकल्यात. चौघांनाच इथे बोलतं ठेवलंय: सर (रिटायर्ड पीटी शिक्षक, जुन्या जमान्याचे), बँकवाले काका, पोरगा (स्वतः लोकल लीग खेळतो) आणि ताई, जी कट्ट्याची वही सांभाळते. बाकीचे होते, ओरडतही होते, पण वळणं या चौघांमुळेच आली.

पार्श्वभूमी

कट्ट्याची एक पद्धत आहे, दर डिसेंबरला वर्षाचा आढावा लिहायचा, दोन पानं, टीम कशी खेळली, पुढच्या वर्षी काय दिसतंय, बस. तो कुणी बाहेर छापत नाही, आपापसातच फिरतो, तरी त्याच्या एकेका वाक्यावरून महिनाभर भांडण चालतं. २०२३ चा लिहिताना फार त्रास झाला नव्हता. त्या वर्षी आधी इंफाळची ट्राय-नेशन, मग भुवनेश्वरला लेबनॉनला २-० हरवून इंटरकॉन्टिनेंटल कप, मग बंगळूरला कुवेतला पेनल्टीवर हरवून सॅफ (दक्षिण आशियाची स्पर्धा), आणि जुलैत फिफा रँकिंग ९९. शंभराच्या आत! सगळे खुश. तिन्ही स्पर्धा घरच्या मैदानावर होत्या हे ताईने तेव्हाच वहीत लिहून ठेवलं होतं, पण त्या वेळी ते वाचायच्या मूडमध्ये कोण होतं.

त्यानंतरचं सगळ्यांना माहितीय. जानेवारी २०२४ ला कतारमध्ये एशियन कप, तीन मॅच, तीन पराभव, एकही गोल नाही. आख्खं २०२४ संपलं, ११ मॅच झाल्या आणि एकही जिंकली नाही. मधे कॅप्टन छेत्री रिटायर झाला, कोच स्टिमाचला काढलं, त्याच्या जागी मानोलो मार्केझ आला, छेत्रीला परत बोलावलं, मानोलोही गेला, आणि ऑगस्ट २०२५ ला कोच म्हणून खालिद जमील.

अडचण कुठे सुरू झाली

१४ ऑक्टोबर २०२५, गोव्यातलं फातोर्डा. सिंगापूरविरुद्ध आपल्या छांगटेने लीड मिळवून दिली आणि तरी आपण १-२ हरलो, २०२७ च्या एशियन कपची वाट तिथेच बंद झाली. क्वालिफायर ग्रुपमध्ये चार मॅचनंतर दोन पॉइंट. कट्ट्यावर त्या रात्री कुणी फार बोललं नाही, पण पुढच्या बैठकीत आढाव्याचं पहिलं वाक्य काय असावं यावरून गाडी अडली ती अडलीच.

काकांचं वाक्य असं होतं की फेडरेशनच्या भांडणांनी टीम संपवली. सरांचं वाक्य, टीममध्ये तेवढा दमच नाही, भांडणं ही सबब आहे. दोघंही पाच मिनिटं शांतपणे बोलले आणि नंतर काका थेट १९५० वर गेले. वर्ल्ड कपला जायचं होतं, समोरच्या टीम्सनी माघार घेतली म्हणून आपण क्वालिफाय झालो होतो, इटली, स्वीडन, पॅराग्वेच्या ग्रुपमध्ये नाव पडलं होतं, आणि आपण गेलोच नाही. "तेव्हापासून हेच चाललंय सर, ऑफिसात बसलेले लोक टीमची वाट लावतात."

पोरगा म्हणाला, "काका, ते तर बूट नव्हते म्हणून ना?"

यावर सर भडकले. अनवाणी खेळायला बंदी होती म्हणून गेलो नाही ही गोष्ट लोकांना फार आवडते, पण फेडरेशनने तेव्हा कारणं दिली होती ती टीम सिलेक्शनवरून मतभेद आणि तयारीला वेळ कमी ही, आणि त्या काळी आपल्याकडे ऑलिंपिकपुढे वर्ल्ड कपला कोण विचारत होतं. म्हणजे मुद्दा काकांच्याच बाजूचा निघाला, पण तो मांडला सरांनी, आणि त्यामुळे दोघंही अजून चिडले (हे आमच्याकडे नेहमी होतं, समोरच्याने आपली बाजू आपल्यापेक्षा नीट मांडली की जास्त राग येतो).

मग सुवर्णकाळ निघाला. १९५१ दिल्ली, १९६२ जकार्ता, दोन एशियन गेम्स गोल्ड, १९५६ मेलबर्नला ऑलिंपिकमध्ये चौथे, नेव्हिल डिसूझाची ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक. काकांचं म्हणणं, बघा, दम होता, तेव्हाचे कोच रहीमसाहेब १९६३ ला वारले आणि मागे उरले ते भांडणारे. ताईने वही न उघडता एवढंच सांगितलं की मेलबर्नला पहिल्या राउंडला हंगेरी आलीच नाही, वॉकओव्हर मिळाला, ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं, मग युगोस्लाव्हियाकडून १-४ आणि बल्गेरियाकडून ०-३. एक मॅच जिंकून चौथे. हॅटट्रिक खरी, चौथा नंबर खरा, पण त्यावरून आजच्या पोरांना मोजायचं असेल तर आधी हेही सांगा.

दोन माणसं त्या दिवशी उठून गेली. एकाने सांगितलं, मला मॅच बघायला आवडतं, इतिहासाची परीक्षा द्यायला नाही. खरं सांगायचं तर त्याचं चूक नव्हतं.

पर्याय काय होते

पुढच्या आठवड्यात ताईने सगळ्यांना विचारलं की आता करायचं काय. चार गोष्टी समोर आल्या.

यंदा आढावा लिहूच नये, हे सगळ्यात सोपं. सर यासाठी तयार होते. पण मग डिसेंबर येईपर्यंत प्रत्येक मॅचला हेच भांडण पुन्हा होणार हे दिसत होतं, आणि नोव्हेंबरला ढाक्याची बांगलादेशविरुद्धची मॅच बाकी होती.

मतदान घ्यावं, असं काकांना वाटत होतं, कारण त्यांच्याकडे माणसं जास्त होती. पोरग्याने लगेच अडवलं, गुवाहाटीला अफगाणिस्तानकडून का हरलो याचं उत्तर हात वर करून कसं काय मिळणार?

दोन वेगळे आढावे, एक वादवाल्यांचा, एक खेळवाल्यांचा. हा बऱ्याच जणांना पटला होता आणि मला वाटतं नुसतं भांडण मिटवायचं असतं तर हाच बरा होता. पण ताईचं म्हणणं की दोन्ही आढावे खोटे होतील, एकात खेळ नसेल आणि एकात फेडरेशन नसेल.

चौथा ताईचा स्वतःचा. प्रत्येक वाद घ्यायचा आणि एकच प्रश्न विचारायचा: हा वाद कुठल्या मॅचला, कितव्या मिनिटाला मैदानात उतरला? दाखवता आलं तर "थेट" च्या रकान्यात, नाही आलं तर "संबंध नाही" मध्ये. शिव्या द्यायच्या असतील तर द्या, पण रकाना सांगून द्या.

काय केलं

सुरुवात २०२३ च्या हांगझोउ एशियन गेम्सपासून झाली, कारण त्यावर कुणाचं दुमत नव्हतं. स्पर्धा फिफा विंडोच्या (क्लबांना प्लेअर सोडावेच लागतात त्या तारखांच्या) बाहेर, आयएसएल ही आपली मुख्य क्लब लीग दोन दिवसांत सुरू होणार, क्लब प्लेअर सोडेनात, शेवटपर्यंत ओढाताण, आणि जी टीम जमली ती १८ सप्टेंबरला संध्याकाळी पोचली, १९ ला चीनशी मॅच. पहिल्या हाफला १-१. राहुल केपीने काय गोल मारला होता तो! मग दुसऱ्या हाफमध्ये पाय संपले, शेवट १-५. मिनिट विचारता ना, हे घ्या, ४६ पासून पुढे. थेट. सरांनीही मान डोलावली.

दुसरं, ऑगस्ट २०२२ चं फिफा सस्पेन्शन. काका यावर फार बोलायचे. कोर्टाने नेमलेली कमिटी, फिफाच्या भाषेत बाहेरचा हस्तक्षेप, बंदी लागली आणि अकरा दिवसांत उठलीही. पुरुषांच्या सीनियर टीमची त्यामुळे कुठली मॅच हुकली? कुणालाच सांगता येईना. काकांना शेवटी "संबंध नाही" लिहू द्यावं लागलं. पण ताईने खाली एक ओळ जोडली की गोकुळम केरळाच्या बायकांची टीम आशियाई क्लब स्पर्धेसाठी उझबेकिस्तानात पोचली होती आणि तिला न खेळता परत यावं लागलं. म्हणजे वाद मैदानात उतरला, फक्त आपण बघत होतो त्या मैदानात नाही.

तिसरं दोहा, ११ जून २०२४, कतारविरुद्धची वर्ल्ड कप क्वालिफायर, आणि इथे बैठक सगळ्यात जास्त रंगली. छांगटेच्या गोलने आपण १-० पुढे, ७३ व्या मिनिटाला बॉल लाइनबाहेर गेला, कतारच्या प्लेअरने तो आत ओढला आणि गोल दिला गेला, व्हीएआर (रेफ्रीने व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय) त्या राउंडला नव्हतंच. मग ८५ व्या मिनिटाला दुसरा, १-२. काकांचं म्हणणं, हा दरोडा, यामुळे आपण वर्ल्ड कप क्वालिफायरच्या तिसऱ्या राउंडला मुकलो.

पोरग्याने कागद घेतला आणि पॉइंट मांडले, आणि माझ्या मते आख्ख्या प्रकरणातली हीच सगळ्यात कामाची पंधरा मिनिटं. ग्रुपमध्ये आपले शेवटी ५, कुवेतचे ७, कतार १६ वर कधीच पुढे गेलेलं, म्हणजे उरलेली जागा एकच. तो गोल नाकारला असता पण दुसरा गोल झालाच असता तर १-१, आपले ६, कुवेत तरी ७ वर, आपण बाहेरच. जिंकलो असतो तरच ८. आता गुवाहाटी बघा, २६ मार्च २०२४, छेत्रीची १५० वी मॅच, त्याने पेनल्टीवर गोल केला, अफगाणिस्तान रँकिंगमध्ये १५८ वर, आणि आपण शेवटच्या वीस मिनिटांत दोन गोल खाल्ले. ती जिंकली असती तर दोहाला हरूनसुद्धा ८ पॉइंट आणि आपण पुढच्या राउंडला. नुसती ड्रॉ केली असती तर पुन्हा ६, म्हणजे ती जिंकायलाच हवी होती.

"म्हणजे रेफ्रीने एक मॅच घेतली," सर म्हणाले, "आणि एक आपण आपल्या हाताने दिली."

काका गप्प. मग म्हणाले, "पण रेफ्रीने घेतली हे लिहायचंय." लिहिलं. दोहा "थेट", गुवाहाटी "संबंध नाही".

जिथे पद्धतच अडली

दोन रकान्यांवर सगळं बसलं असतं तर हे प्रकरण लिहायला घेतलंच नसतं. अडलं ते २०२५ वर. जुलैत आयएसएल थांबली, फेडरेशन आणि कमर्शियल पार्टनरचा करार डिसेंबरला संपणार होता आणि नवीन ठरत नव्हता, क्लबांचे सराव बंद, प्लेअरचे पगार अडकलेले, आणि ऑक्टोबरमध्ये टेंडर काढलं तर नोव्हेंबरच्या मुदतीपर्यंत एकही बिड नाही आली. काकांनी विचारलं, याचं मिनिट कुठलं सांगू?

सरांकडे उत्तर तयार होतं. लीग बंद असताना, एका मोठ्या क्लबने प्लेअर सोडायला नकार दिलेला असताना, खालिदची टीम ऑगस्टअखेर काफा नेशन्स कप या मध्य आशियाच्या स्पर्धेला गेली, ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी २-१ हरवलं, इराणकडून ०-३ हरली, अफगाणिस्तानशी ०-०, आणि ओमानला १-१ नंतर पेनल्टीवर हरवून तिसरी आली. दोन वर्षांतला सगळ्यात बरा निकाल सगळ्यात वाईट काळात! आणि २०२४ मध्ये लीग व्यवस्थित चालू होती तेव्हा एकही विजय नाही. मग तुमचा सिद्धांत कुठे गेला?

हा मुद्दा जबरी होता, नाकारून चालणार नव्हतं. पण पोरगा, जो तोपर्यंत सरांच्या बाजूने होता, तो उलटला. स्वतः खेळणारा माणूस आहे, त्याला माहितीय महिनाभर मॅच नसली की पाय कसे होतात. त्याचं म्हणणं, सगळ्या गोष्टी एका मिनिटात दिसत नाहीत. आयएसएलमध्ये बहुतेक टीम्सचा सेंटर फॉरवर्ड परदेशी, मग आपल्याकडे नऊ नंबर (म्हणजे हाच सेंटर फॉरवर्ड, गोल मारणारा) तयार होणार कुठून, आणि म्हणूनच चाळिशीतल्या छेत्रीला परत बोलवावं लागलं. हाँगकाँगला ०-१, बांगलादेशशी शिलाँगला ०-०, हे गोल न होणं दहा वर्षांपूर्वीच सुरू झालंय, त्याचं मिनिट मागू नका.

सर म्हणाले हा मग वाद नाही, ही रचना आहे. पोरगा म्हणाला रचना कोण ठरवतं?

इथे ताईपुढे दोन रस्ते होते, आपला नियम ताणून सगळं दोन रकान्यांत कोंबायचं, किंवा नियम मोडायचा. तिने तिसरा रकाना काढला आणि त्याला नाव दिलं "मुरलेलं". अट एकच, मुरलेलं लिहायचं असेल तर ते मैदानात कशातून दिसतं ते सांगायचं, पोझिशन, सवय, फिटनेस, काहीही, पण दिसलं पाहिजे. नऊ नंबर तिथे गेला. लीग बंद असण्यावर मात्र एकमत झालंच नाही, काफा एका बाजूला आणि फातोर्डा दुसऱ्या बाजूला, शेवटी रकान्यात प्रश्नचिन्ह टाकून पुढे गेलो. मला स्वतःला ते प्रश्नचिन्ह योग्य वाटतं. दोन-चार मॅचवरून यापेक्षा जास्त ठामपणे बोलणारा माणूस मला फारसा भरवशाचा वाटत नाही.

निकाल

हे सगळं चालू असताना १८ नोव्हेंबरला ढाका झालं. बांगलादेशकडून ०-१, २२ वर्षांनी ते आपल्याला हरवू शकले. लगेच रँकिंग घसरून १४२. कट्टा पुन्हा पेटणार अशीच सगळ्यांना भीती होती, आणि पहिली दहा मिनिटं पेटलाही. मग कुणीतरी मागून ओरडलं, "रकाना सांगा रे!" हसू फुटलं आणि बोलणं जरा ताळ्यावर आलं. बांगलादेशने इंग्लंडात वाढलेला हमझा चौधरी आणला, आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही म्हणून रायन विल्यम्सला ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारताचा घ्यावा लागला, हे कुठल्या रकान्यात? हा वाद नाही, दमही नाही, देशाचा कायदा आहे. तसंच सोडलं, त्यासाठी चौथा रकाना काढायला ताईने साफ नकार दिला.

आढावा डिसेंबरला वेळेत गेला. पहिलं वाक्य काकांचंही नव्हतं आणि सरांचंही नव्हतं, पहिलं वाक्य नव्हतंच, थेट तक्ता होता. "संबंध नाही" मधल्या ओळी जास्त निघाल्या, म्हणजे बहुतेक पराभव हे साध्या खेळातले पराभव होते, लीड टिकवता न येणं, शेवटच्या वीस मिनिटांत ढिलं पडणं, गोलसमोर घाई. काकांना हे आवडलं नाही पण त्यांनी सही केली. सरांनाही पूर्ण समाधान नाही, कारण "मुरलेलं" मधला नऊ नंबर त्यांना अजूनही पळवाट वाटतो. उठून गेलेल्या दोघांपैकी एक जण परत आला, दुसरा आता मॅच घरीच बघतो.

वेगळं काय करता आलं असतं

बैठक फातोर्डानंतर लगेच घ्यायला नको होती. हरल्यानंतरच्या आठवड्यात माणूस कारण शोधत नसतो, त्याला कुणावर तरी राग काढायचा असतो. ताईचा प्रश्न पहिल्याच दिवशी टेबलावर असता तर ती दोन माणसं कदाचित उठली नसती, पण तेव्हा तो ऐकून कोण घेणार होतं तेही आहेच.

काळाची चौकट आधी ठरवायला हवी होती. १९५० आणि १९५६ वर जो वेळ गेला त्यातून तक्त्यात एकही ओळ आली नाही. जुनं बोलायला मजा येते, बोलावंही, पण २०२२ च्या आधीचं सगळं वेगळ्या संध्याकाळी.

सगळ्यात मोठी उणीव ताईने आढावा गेल्यावर काढली आणि ती ऐकून सगळ्यांचेच चेहरे पडले. जुलै २०२५ मध्ये आपल्या महिला टीमने थायलंडला त्यांच्या घरी, चियांग माईला, २-१ हरवलं, संगीता बासफोरचे दोन्ही गोल, आणि क्वालिफायर खेळून पहिल्यांदा एशियन कपला पोचल्या. फेडरेशन तीच. लीगची, पैशाची बोंब त्यांच्याकडे पुरुषांपेक्षा जास्तच. आणि सप्टेंबरमध्ये अंडर-२३ पोरांनी बहरीनला २-० हरवलं होतं तेही कुणी तक्त्यात घेतलं नाही. एकाच फेडरेशनखालच्या तीन टीम्स समोरासमोर ठेवल्या असत्या तर काका आणि सर दोघांनाही पहिल्या दिवशीच आपापलं वाक्य खोडावं लागलं असतं.

काकांनी यावर विचारलं की मग महिला टीमचा रकाना कुठला. ताई म्हणाली, काका, रकाने पराभवांसाठी केले होते, जिंकण्यासाठी कुणी केलेच नाहीत. पुढच्या आढाव्यात तिन्ही टीम्स घ्यायच्या आणि विजयालाही तोच प्रश्न विचारायचा असं ठरलंय, सरांचा त्याला अजून विरोध आहे.